मयताशी नातं

गुरुजींनी वही उघडली आणि विचारलं,
मयताशी नातं?
केतकी म्हणाली, मुलगी.
मग त्यांनी तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं,
म्हणजे माझ्याकडे.
आणि यांचं?

रामकुंडावर गर्दी बेताचीच होती.
कुणाचं तरी मुंडन चाललं होतं,
एक बाई ओल्या पायरीवर द्रोण मांडत होती,
आणि पितळी तांब्यात, लाल फडक्याखाली,
मी होतो.
म्हणजे रंगनाथ निवृत्ती आहेर, वय एकोणसत्तर,
मूळ गाव उमराणे.
मला कॅमेऱ्यातून फक्त फडक्याची गाठ दिसत होती.

छत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी नोटांचे नंबर तपासले.
एका नंबराच्या दोन नोटा सापडल्या तर एक खोटी,
हे तिथे नव्या पोरालाही शिकवावं लागत नसे.
पण छपाईत एखादी बिघडली
की तिच्या जागी दुसरी जायची,
अक्षरं आणि आकड्यांच्या मधे छोटा तारा असलेली.
बाजारात तिला साखर तेवढीच मिळते.
शंभर म्हणजे शंभर, तारा कोण बघतो?
मी बघायचो.
दूधवाल्यानं परत दिलेल्या सुट्ट्यांतसुद्धा.

सातपूरच्या केंद्रात खुर्चीत बसलो तो मंगळवार.
डोक्याला गार जेल, कोपऱ्यात कूलरची घरघर.
काका, काहीही आठवा, तो पोरगा म्हणाला.
मला गंगापूर धरणावर विसरलेली छत्री आठवली.
एवढं आयुष्य, आणि छत्री.
मग खुर्चीतून एक जण उठला, चपला शोधल्या,
रिक्षावाल्याशी घासाघीस करून जेलरोडला घरी गेला.
एक जण उठलाच नाही.
दोघांनाही वाटत होतं, मी तो.

घरी गेलेला अकरा दिवस जगला.
ते माझ्याकडे नाहीत.
केतकी थोडे थोडे देते, औषधासारखे:
एका रात्री त्यानं कुंड्यांना दोनदा पाणी घातलं.
नर्सला कांद्याचा भाव विचारला,
आणि तिनं सांगितलेला ऐकून हसला.

आज पायरीवर टेकल्यावर तिनं उरलेलंही सांगितलं.
नवव्या दिवशी बाबा म्हणाले होते,
त्याला चालू करू नकोस.

का?
नाही बोलले.
आणि तू केलंस.
केलं, ती म्हणाली. तिसऱ्याच दिवशी.

मी आत शोधलं.
मंगळवारपर्यंतचे सगळे खण उपसले.
असं म्हणेल असा माणूस कुठे सापडला नाही.
तो त्या नऊ दिवसांत झाला असणार,
मला न विचारता.
आणि मला राग आला, अगदी त्याला यायचा तसाच,
आधी कानांत.
कान नसताना.

गुरुजी थांबलेलेच होते.
त्यांनी पानं मागे उलटली. एकोणीसशे ब्याण्णव.
वडील निवृत्ती गणपत यांच्या अस्थी घेऊन आलो असे.
खाली सही. 'रं'चा अनुस्वार फुटून पसरलेला,
कारण गुरुजींच्या वडिलांचं शाईपेन गळकं होतं
आणि माझी बोटं ओली.
ती ओली बोटं मला लख्ख आठवतात.
त्यावर जगातली कुठलीही बँक मला मोडून देईल.

केतकीनं सही केली.
यांचं काय लिहू? आमच्याकडे याला शब्द नाही, गुरुजी म्हणाले.
नाव नको, मी म्हणालो. तिच्या सहीशेजारी
एक छोटा तारा काढा.
त्यांनी केतकीकडे पाहिलं. काढला की नाही
मला दिसलं नाही. ती उठली होती.

इथे हाडं विरघळतात, असं लोक मानतात.
तिनं मला ओढणीत गुंडाळून खांद्याच्या पिशवीत ठेवलं
आणि पाण्यात उतरली.
मग नुसते आवाज. घंटा, कुणाचं तरी खोकणं,
पाण्यात काहीतरी रितं झाल्याचा आवाज.
आणि ती म्हणाली, बाबा.

ओ अगदी ओठांवर आली होती.
हाक कुणाला, ते कळेना,
म्हणून दिली नाही.